विमानचालन, हौशी
विमानचालन, हौशी : उपजीविकेसाठी नव्हे, तर स्वतःच्या आनंदासाठी, क्रीडा म्हणून किंवा खाजगी प्रवासासाठी लहान विमान चालविणे म्हणजे हौशी विमानचालन होय. अशा वैमानिकास प्रवासी अथवा माल वाहून नेण्याबद्दल मोबदला घेता येत नाही. याकरिता वापरली जाणारी विमाने एक किंवा दोन, क्वचित चार आसनांची असून त्यांतील सर्वांत हलक्या विमानांना अतिहलकी किंवा मायक्रोलाइट विमाने म्हणतात. प्रस्तुत नोंदीत अशा वैमानिकाच्या प्रशिक्षणाची माहिती पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या परिसराचे उदाहरण घेऊन दिली आहे. बारामती विमानतळावरील प्रशिक्षण मुख्यत्वे व्यावसायिक परवान्याच्या दिशेने जाणारे आहे. तथापि त्याचा पहिला टप्पा आणि हौशी वैमानिकाचे प्रशिक्षण ही तत्त्वतः एकच होत. दोहोंतही शिकण्याची मुख्य गोष्ट यंत्र हाताळण्याचे कौशल्य एवढीच नसून हवा, जमीन आणि स्वतःची मर्यादा यांचा अंदाज घेऊन योग्य वेळी निर्णय करणे ही असते.

व्याख्या व वर्गीकरण : अतिहलक्या विमानाची व्याख्या देशपरत्वे भिन्न आहे. अमेरिकेत १९८२ साली केलेल्या नियमांनुसार एकच आसन, रिकामे वजन ११५ किग्रॅ.पेक्षा कमी, इंधन १९ लि.पेक्षा अधिक नाही आणि सपाट उड्डाणातील कमाल वेग ताशी सु. १०० किमी. अशा विमानास या वर्गात धरतात व ते चालविण्यास वैमानिकाचा परवाना लागत नाही. भारतात मायक्रोलाइट विमान जास्तीत जास्त दोन आसनांचे असते आणि जमिनीवरून उडणाऱ्या अशा विमानाचे भारासह एकूण वजन साधारणतः ४५० किग्रॅ.पर्यंत मर्यादित असते. येथे विमानाची नोंदणी आणि वैमानिकाचा परवाना या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. बारामती येथे प्रशिक्षणासाठी वापरात आलेली सेसना १५२ (एकूण वजन सु. ७५७ किग्रॅ.) व टेकनम पी २००८ (सु. ६५० किग्रॅ.) ही दोन आसनी विमाने या मर्यादेच्या वर असली, तरी त्यांचे वर्तन मोठ्या विमानांपेक्षा मायक्रोलाइटलाच अधिक जवळचे आहे.

रचनेनुसार अतिहलक्या विमानांचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात नेहमीच्या विमानाप्रमाणे दांडा व पायट्या यांनी पंखांवरील व शेपटीवरील हलते पृष्ठभाग वळवून नियंत्रण करतात. दुसऱ्या प्रकारात त्रिकोणी कापडी पंखाखाली तीन चाकांची, इंजिन बसविलेली आसनगाडी टांगलेली असते आणि वैमानिक समोरील आडवा दांडा ढकलून आपल्या वजनाचे स्थान बदलतो. पहिल्या प्रकारात दांडा मागे ओढला असता विमानाचे नाक वर जाते, तर दुसऱ्यात ते दांडा पुढे ढकलल्याने वर जाते. एका प्रकारावर शिकलेल्या व्यक्तीस दुसऱ्या प्रकारासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. कारण आणीबाणीत हात जुन्या सवयीनेच चालतात.

ऐतिहासिक आढावा : आल्बेर्तो सांतोस-द्यूमाँ यांचे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील देम्वाझेल हे विमान हलक्या खाजगी विमानांचे पूर्वज मानले जाते. पुढे विमाने जड व महाग होत गेली. फ्रान्सिस रोगॅलो यांनी १९४८ मध्ये लवचीक पंखाची कल्पना मांडली. तीवरून १९६० नंतर हँग ग्लायडर प्रचारात आले. जॉन मूडी यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील ऑशकॉश येथील मेळाव्यात लहान इंजिन बसविलेले ग्लायडर स्वतःच्या पायांनी धावत जाऊन उडवून दाखविले आणि या क्रीडेचा झपाट्याने प्रसार झाला. आरंभीची दोन आघाती इंजिने वजनाने हलकी, पण बेभरवशाची होती. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे ९१२ हे चार आघाती इंजिन १९८९ च्या सुमारास उपलब्ध झाल्यावर हलक्या विमानांची विश्वासार्हता पुष्कळ वाढली.

भारतात संघटित हौशी विमानचालनाचा प्रारंभ १९२८ मध्ये दिल्ली व मुंबई येथे स्थापन झालेल्या फ्लाइंग क्लबांपासून झाला. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना मिळाला. जुहूच्या आसपास मुंबईची वस्ती व वाहतूक वाढल्याने बाँबे फ्लाइंग क्लबला आपले प्रशिक्षण धुळे येथे न्यावे लागले. पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रात इंजिनाविना उडण्याचे धडे पुष्कळांनी घेतले. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात ग्लायडरांची जागा क्रमाने मायक्रोलाइट विमानांनी घेतली. संरक्षण दले व छात्रसेना यांसाठी स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीच्या १९४ विमानांचा करार २०१५ मध्ये झाला. बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने हंसा हे दोन आसनी प्रशिक्षण विमान तयार केले. त्याची नवी आवृत्ती ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडाली. दूर पल्ल्याच्या साहसी उड्डाणांत विजयपत सिंघानिया यांचे १९८८ मधील लंडन ते भारत हे एकट्याने केलेले मायक्रोलाइट उड्डाण आणि भारतीय वायुसेनेच्या दोन अधिकाऱ्यांनी २००७ मध्ये मायक्रोलाइटमधून ८० दिवसांत केलेली पृथ्वीप्रदक्षिणा उल्लेखनीय आहेत.

हलक्या विमानाचे वर्तन : पंखाच्या दर चौ. मी. क्षेत्रावर पडणाऱ्या भारास पंखभार म्हणतात. प्रवासी जेट विमानांत तो चौ. मी.ला ५०० किग्रॅ.पेक्षा अधिक असू शकतो, तर अतिहलक्या विमानांत तो साधारणपणे २५ ते ५० किग्रॅ. असतो. पंखभार कमी असल्यामुळे विमान मंद वेगाने उडू व उतरू शकते आणि त्यास लहान धावपट्टी पुरते. उलटपक्षी, वाऱ्याचा साधा झोतही त्यास उचलतो किंवा दाबतो. जडत्व अल्प असल्याने इंजिनाचा रेटा थांबताच त्याचा वेग काही सेकंदांतच घसरतो. म्हणून इंजिन बंद पडल्यास नाक तत्काळ खाली करणे हा या विमानांतील पहिला नियम आहे.

पंख हवेशी ज्या कोनात भिडतो तो कोन ठराविक मर्यादेबाहेर गेला, म्हणजे पंखाच्या वरच्या पृष्ठावरील प्रवाह सुटतो व उत्थापन प्रेरणा एकाएकी घटते. या अवस्थेस स्टॉल म्हणतात. स्टॉल केवळ कमी वेगामुळे होतो, हा नवशिक्याचा नेहमीचा गैरसमज आहे. विमान वळत असताना पंखांना विमानाच्या वजनापेक्षा अधिक भार पेलावा लागतो व स्टॉल अधिक वेगावरच घडतो. सरळ उड्डाणात ताशी ८० किमी. वेगाला स्टॉल होणारे विमान उंची कायम राखून वळताना ३०° कलतेपणास ताशी ८६ किमी., ४५° ला ९५ किमी. आणि ६०° ला ११३ किमी. वेगालाच त्या अवस्थेत जाते. धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे गेलेला वैमानिक परत रेषेवर येण्यासाठी कमी उंचीवर तीव्र वळण घेतो, तेव्हा नेमका हाच धोका संभवतो. सुटलेला प्रवाह सावरण्यास लागणारी उंची तेथे शिल्लक नसते.

परवाना व पात्रता : भारतात वैमानिकांचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला. प्रशिक्षणाचा आरंभ विद्यार्थी वैमानिक परवान्याने होतो. त्यासाठी किमान वय १६ वर्षे आहे. खाजगी वैमानिक परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि दहावी किंवा तत्सम परीक्षेतील उत्तीर्णता अपेक्षित असते. मायक्रोलाइट विमानासाठी परवान्याचा स्वतंत्र वर्ग आहे. खाजगी वैमानिकास द्वितीय वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यात दृष्टी, रंगज्ञान, श्रवण, रक्तदाब, हृदय व मज्जासंस्था यांची तपासणी होते. चष्म्याने दोष दूर होत असेल, तर चष्मा असणे ही अडचण मानीत नाहीत.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार खाजगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी किमान १० तास विद्यार्थ्याने देखरेखीखाली एकट्याने उडावे लागते. त्यांत ५ तास दूर पल्ल्याचे असावेत व एक उड्डाण किमान २७० किमी. लांबीचे असून त्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबा घेऊन उतरणे समाविष्ट असावे, असा दंडक आहे. देशोदेशीचे नियम यापेक्षा कडक असू शकतात. तुलनेसाठी, भारतात व्यावसायिक परवान्यास २०० तास लागतात. हे आकडे किमान मर्यादा दर्शवितात. तेवढ्या तासांत प्रत्येक जण तयार होतोच असे नाही.

भूप्रशिक्षण : उड्डाणाबरोबरच विद्यार्थ्यास विमानविषयक नियम, वातावरणविज्ञान, मार्गनिर्देशन आणि विमान व इंजिन यांचे तंत्र हे विषय अभ्यासावे लागतात. रेडिओवर बोलण्यासाठी वेगळी परीक्षा असते. पूर्वी ती दूरसंचार विभाग घेत असे, २०२४ च्या अधिनियमाने ते काम महासंचालनालयाकडे आले आहे. नियमांतील काही तरतुदी हौशी वैमानिकाच्या नित्य उपयोगाच्या आहेत. डोळ्यांनी पाहून करावयाच्या उड्डाणास ३,००० मी.पर्यंतच्या उंचीवर ५ किमी. दृश्यमानता असावी लागते. ढगांपासून आडवे १,५०० मी. व उभे ३०० मी. अंतर राखावे लागते. सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी २० मिनिटांपर्यंत असे उड्डाण करता येत नाही. दाट वस्तीवरून जाताना ६०० मी. परिघातील सर्वांत उंच अडथळ्याच्या ३०० मी. वरून आणि अन्यत्र जमिनीपासून किमान १५० मी. उंचीवरून उडावे लागते. उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत मद्यपान वर्ज्य आहे.

उड्डाण-प्रशिक्षण : प्रशिक्षणाचा पहिला पाठ विमान जमिनीवर असतानाच सुरू होतो. विद्यार्थी विमानाभोवती ठराविक क्रमाने फेरी घालून इंधन, तेल, पंखांचे सांधे, नियंत्रण-तारा, चाके व पंख्याच्या कडा तपासतो. इंधन किती आहे हे काट्यावर न विसंबता टाकीत पट्टी घालून पाहण्याची व टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून त्यात पाणी आहे की काय, ते तपासण्याची पद्धत आहे.

हवेतील पाठांचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो : नियंत्रणांचे परिणाम, सरळ व सपाट उड्डाण, चढणे व उतरणे, वळणे, मंद वेगाचे उड्डाण, स्टॉल व त्यातून सावरणे, उड्डाण करणे व उतरणे आणि आणीबाणीचे पाठ. यानंतर विद्यार्थी धावपट्टीभोवतीच्या आयताकृती मार्गावर सराव करतो. या मार्गास सर्किट म्हणतात. तो जमिनीपासून सु. ३०० मी. उंचीवर, सामान्यतः डाव्या वळणांचा असतो. वाऱ्याच्या सन्मुख उड्डाण, आडवा भाग, धावपट्टीस समांतर असा वाऱ्याच्या दिशेचा भाग, पुन्हा आडवा भाग व शेवटी धावपट्टीच्या रेषेतील उतरण असे त्याचे घटक आहेत. एका तासात अशा सहा ते आठ फेऱ्या होऊ शकतात. जमिनीच्या अगदी लगत नाक हळूहळू उचलून वेग व उंची एकाच वेळी संपविणे, ही कृती आत्मसात होण्यास सर्वाधिक वेळ लागतो. उतरण बिघडत आहे असे दिसताच पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे हे अपयश नसून योग्य निर्णय आहे, हे शिक्षक आरंभापासून बिंबवितात.

पहिले एकल उड्डाण हा प्रशिक्षणातील महत्त्वाचा टप्पा होय. बहुधा १० ते २० तासांच्या सरावानंतर शिक्षक विमानातून उतरतो व विद्यार्थी एकटाच एक फेरी पूर्ण करतो. एका व्यक्तीचे वजन कमी झाल्याने विमान अपेक्षेपेक्षा लवकर उचलले जाते व उतरताना अधिक तरंगते. हा फरक हलक्या विमानात फार जाणवतो. विद्यार्थी किती तासांत एकटा उडाला यावरून त्याची योग्यता ठरवणे चुकीचे आहे. तो वाऱ्यातील बदल ओळखतो का, चूक स्वतः शोधतो का व नको त्या वेळी ‘आज नको’ म्हणू शकतो का, याला अधिक महत्त्व असते.

बारामती–इंदापूर परिसर : बारामती विमानतळ शहराच्या उत्तरेकडील गोजुबावी–कटफळ परिसरात आहे. तेथे कार्व्हर एव्हिएशन व पुढे रेडबर्ड या संस्थांनी प्रशिक्षण दिले आहे. धावपट्टीची टोके ११ व २९ या अंकांनी ओळखतात. म्हणजे तिची दिशा चुंबकीय उत्तरेपासून अनुक्रमे सु. ११०° व २९०° आहे. जून ते सप्टेंबर या काळात वाहणारे पश्चिमेकडील वारे या धावपट्टीशी बरेचसे जुळतात. दीर्घकाळ हे विमानतळ अनियंत्रित वर्गात मोडत होते. नियंत्रण मनोरा नसलेल्या अशा ठिकाणी प्रत्येक वैमानिकास आपले स्थान व हेतू रेडिओवरून सांगावे लागतात आणि इतरांचे बोलणे ऐकून त्यांचे विमान कोठे असेल याचे चित्र मनात उभे करावे लागते. ऐकण्याची व पाहण्याची ही सवय हौशी वैमानिकास विशेष उपकारक ठरते, कारण त्याचे पुढील उड्डाण बहुधा अशाच लहान पट्ट्यांवरून होते.

हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून येथील वार्षिक पर्जन्य सु. ५० सेंमी. आहे. वर्षाचे पुष्कळ दिवस आकाश मोकळे असल्याने प्रशिक्षणास तो अनुकूल मानतात. तथापि उन्हाळ्यात येथे निराळीच अडचण उद्भवते. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. आहे. एप्रिल–मे महिन्यांत दुपारी तापमान ४०° से. झाले असता हवा इतकी विरळ होते की, विमानाच्या दृष्टीने ती प्रमाण वातावरणातील सु. १,६५० मी. उंचीवरील हवेसारखी असते. दुसऱ्या शब्दांत, बारामतीच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान त्या वेळी कळसूबाईच्या शिखराएवढ्या (१,६४६ मी.) उंचीवर असल्याप्रमाणे वागते. हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेने सु. १५ टक्क्यांनी घटल्यामुळे इंजिनाची शक्ती व पंख्याचा रेटा कमी होतो. वेगदर्शकावरील आकडा नेहमीचाच असला, तरी जमिनीसापेक्ष वेग सु. ८ ते ९ टक्के अधिक असतो. परिणामी धाव लांबते व चढण मंदावते. म्हणून उन्हाळ्यातील पाठ पहाटे व सकाळी घेणे श्रेयस्कर ठरते.

दुपारच्या उड्डाणात दुसरीही गोष्ट अनुभवास येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे या भागात ऊसमळ्यांचे हिरवे पट्टे तयार झाले आहेत. त्यांच्या उत्तरेस मुरमाड जिरायत जमीन व माळराने पसरलेली आहेत. कोरडी जमीन लवकर तापते व तिच्यावरून उष्ण हवेचे स्तंभ वर चढतात. उभ्या उसावर व पाण्यावर हवा तुलनेने थंड राहून खाली बसते. या दोहोंच्या सीमेवरून जाताना हलके विमान प्रथम उचलले जाते व लगेच खाली येते. हा अनुभव धावपट्टीकडे उतरताना आला, तर नवशिका वैमानिक वर जाणाऱ्या विमानाची शक्ती पूर्ण काढून घेतो आणि पुढच्या क्षणी त्यास उंची कमी पडते. ग्लायडर चालविणाऱ्यास मात्र हेच स्तंभ उपयोगी पडतात. जमिनीचा रंग पाहून हवेचे वर्तन ओळखण्याची कला दोघांनाही शिकावी लागते.

गळीत हंगामात साखर कारखान्यांचा व शेतातील पाचट जाळल्याचा धूर हिवाळ्यातील सकाळी जमिनीलगत साचून राहतो आणि दृश्यमानता कमी करतो. इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर भीमा नदीवरील उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. त्याच्या काठच्या भिगवण परिसरात हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब व अन्य पाणपक्षी मोठ्या संख्येने जमतात. पक्षी आदळल्यास लहान विमानाचा पंखा किंवा समोरील काच फुटू शकते. शिवाय खाली गेलेल्या विमानाने थवे बिथरतात. यास्तव जलाशयापासून दूर व पुरेशा उंचीवरून जाणे वैमानिक व पक्षी या दोघांच्या हिताचे असते. स्थिर पाण्यावर उंचीचा अंदाज फसतो, हे आणखी एक कारण होय.

मार्गक्रमण : उपग्रहाधारित उपकरणे सर्वत्र झाली असली, तरी विद्यार्थ्यास प्रथम नकाशा, होकायंत्र व घड्याळ यांनीच मार्ग काढण्यास शिकवितात. बारामती–इंदापूर परिसर यास सोयीचा आहे. दक्षिणेस नीरा व उत्तरेस भीमा या नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे मिळतात. त्यामुळे यांपैकी कोणत्याही नदीचा काठ धरून पूर्वेस जाणारा वैमानिक त्या संगमावर पोहोचतो. पुणे–सोलापूर महामार्ग, दौंड–बारामती लोहमार्ग, कालवा, साखर कारखान्यांच्या चिमण्या व उजनीचे पाणी या वरून सहज दिसणाऱ्या खुणा आहेत. कालव्यांचे फाटे व लहान ओढे मात्र एकसारखे दिसत असल्याने फसवितात. पावसाळ्यानंतर तळ्यांचे आकार बदललेले असतात.

वाऱ्याचा हिशेब हा या विषयाचा गाभा होय. बारामती विमानतळ ते इंदापूर हे हवाई अंतर सु. ४५ किमी. धरू. ताशी ९० किमी. वेगाच्या मायक्रोलाइटला शांत हवेत जाण्यास ३० व येण्यास ३० अशी ६० मिनिटे लागतील. पश्चिमेचा ताशी ३० किमी. वारा असता जाताना वेग ताशी १२० किमी. होऊन साडेबावीस मिनिटे पुरतील. परंतु येताना तो ६० किमी. राहून ४५ मिनिटे लागतील. जाताना वाचलेला वेळ येताना भरून निघत नाही. एकूण साडेसात मिनिटे अधिकच लागतात. जातानाच्या झटपट प्रवासावरून परतीच्या इंधनाचा अंदाज बांधणाऱ्याची फसगत होते, ती यामुळेच. म्हणून मार्गावर परत फिरण्याची वेळ व स्थान उड्डाणापूर्वीच कागदावर लिहून ठेवण्याची पद्धत आहे.

इंजिन बंद पडणे : या पाठाचा सराव शिक्षक शक्ती अचानक कमी करून वारंवार करवून घेतो. विमान तरंगत किती दूर जाईल हे त्याच्या तरंग-गुणोत्तरावर अवलंबून असते. हे गुणोत्तर ९ असलेले विमान ३०० मी. उंचीवरून शांत हवेत २.७ किमी. जाईल. ताशी १०० किमी. तरंगवेग धरल्यास त्यास सु. दीड मिनिट मिळते. समोरून ताशी ३० किमी. वारा असेल तर अंतर १.९ किमी.वर येते. एवढ्या वेळात वाऱ्याची दिशा ओळखणे, शेत निवडणे, बंद पडण्याचे कारण शोधणे, रेडिओवरून कळविणे, तसेच इंधन व वीज बंद करणे ही कामे क्रमाने करावयाची असतात. विमान योग्य वेगाने उडत ठेवणे हे या सर्वांच्या आधी येते.

शेत निवडताना या प्रदेशाची पीकपद्धती माहीत असणे उपयुक्त ठरते. उभा ऊस दुरून मऊ हिरवळीसारखा दिसतो. परंतु त्यात शिरलेली चाके अडकून विमान उलटण्याचा संभव असतो. द्राक्ष व डाळिंबाच्या बागांत खांब व तारा असतात. भिजवलेल्या काळ्या रानात चाके रुततात. ज्वारी-बाजरी काढल्यानंतरचे सपाट शेत किंवा मोकळे माळरान तुलनेने बरे. मात्र माळावरील दगडी बांध, चर व चरणारी जनावरे वरून उशिरा दिसतात. विजेच्या तारा जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून तारा न शोधता खांब शोधावेत आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे समजावे. उड्डाण होताच, पुरेशी उंची मिळण्यापूर्वी इंजिन थांबल्यास धावपट्टीकडे वळून परतण्याचा मोह टाळून समोरच्या किंचित डाव्या-उजव्या भागात उतरावे, असा सर्वमान्य दंडक आहे.

अपघात व सुरक्षितता : हे पाठ केवळ पुस्तकी नाहीत. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकट्याने निघालेल्या एका विद्यार्थी वैमानिकाचे सेसना १५२ विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले; वैमानिक जखमी झाला, पण बचावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ व २२ या तारखांना बारामतीनजीक कटफळ व गोजुबावी परिसरात दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाले. त्यानंतर महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबवून तपासणी हाती घेतली. अशा घटनांची चौकशी विमान अपघात अन्वेषण विभाग करतो. दोषी ठरविणे हा चौकशीचा उद्देश नसून पुनरावृत्ती टाळणे हा असतो.

अशा घटनांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, दुरुस्ती-देखभाल, शिक्षकांवरील ताण व उड्डाणतास लवकर भरण्याची घाई यांचा सुरक्षिततेशी निकट संबंध आहे. विद्यार्थी कितीही कुशल असला, तरी सदोष व्यवस्थेची उणीव तो एकटा भरून काढू शकत नाही. म्हणून संस्था निवडताना विमानांच्या संख्येपेक्षा देखभालीच्या नोंदी, शिक्षकांचा अनुभव आणि खराब हवामानात उड्डाण रद्द करण्याची प्रथा यांकडे पाहणे अगत्याचे आहे. दुसरी म्हणजे, हलक्या विमानाचा मंद वेग वैमानिकाच्या बाजूने काम करतो. जमिनीला टेकताना वेग निम्मा असेल, तर शोषून घ्यावी लागणारी गतिज ऊर्जा एक-चतुर्थांश होते. विमान ताब्यात ठेवून, वाऱ्याच्या सन्मुख, किमान सुरक्षित वेगाने शेतात उतरणारा वैमानिक बहुधा वाचतो. धावपट्टी गाठण्याच्या आशेने वेग गमावणारा अधिक धोक्यात असतो. विमान वाचविण्यापेक्षा माणूस वाचविणे महत्त्वाचे, हे तत्त्व प्रशिक्षणात स्पष्टपणे सांगितले जाते. काही अतिहलक्या विमानांत संपूर्ण विमान खाली उतरविणारी हवाई छत्रीही बसविलेली असते. तिलाही उघडण्यास पुरेशी उंची लागते.

भारतातील स्थिती : यूरोप व अमेरिकेत गवताळ पट्ट्या, क्लबांच्या सामायिक मालकीची विमाने व अनुभवी सभासदांचे मार्गदर्शन यांवर हौशी विमानचालन उभे आहे. भारतात कायद्याने त्यास स्थान असले, तरी बहुतेक विद्यार्थी व्यावसायिक परवान्याकडे वळतात आणि विमानचालन हे शिक्षणाचे एक महागडे क्षेत्र म्हणूनच ओळखले जाते. इंधन व सुट्या भागांच्या किमती, विमानाच्या खरेदी-नोंदणीसाठी लागणाऱ्या अनुमती, हवाई क्षेत्रावरील निर्बंध व मोकळ्या धावपट्ट्यांची कमतरता ही त्याची कारणे होत. त्यामुळे पुष्कळांची हौस छात्रसेनेतील काही तासांच्या उड्डाणावर किंवा पुणे जिल्ह्यातील कामशेतसारख्या ठिकाणी पॅराग्लायडिंगवर भागते.

परवाना मिळाल्यावर प्रशिक्षण संपते असेही नाही. व्यावसायिक वैमानिकाची वेळोवेळी परीक्षा होते व त्याच्यामागे कंपनीची यंत्रणा असते. हौशी वैमानिक मात्र महिन्यातून एखादा तास उडतो आणि उडावे की न उडावे हा निर्णय बहुतेक वेळा एकट्यानेच घेतो. सराव तुटला की हात मंदावतात, पण आत्मविश्वास तेवढाच राहतो, ही त्यातील मुख्य अडचण होय. यासाठी दीर्घ खंडानंतर शिक्षकासह उड्डाण करणे, वाऱ्याची व दृश्यमानतेची स्वतःपुरती मर्यादा नियमांपेक्षा कडक ठरविणे आणि प्रत्येक उड्डाणाची प्रामाणिक नोंद ठेवणे हे उपाय सुचविले जातात. उड्डाण रद्द केल्याने वैमानिकाचा केवळ एक दिवस वाया जातो, ही जाणीव रुजविणे हे हौशी विमानचालनाच्या प्रशिक्षणाचे अंतिम उद्दिष्ट मानले पाहिजे.